‘बेटर’ म्हणजे बरं नव्हे

‘आता निघालेलं बरं,’ असं पाहुण्याला म्हटलं तर त्यात काळजी असते. शेवटची एसटी चुकायला नको. हेच इंग्रजीत सांगायचं झालं की मराठी माणसाच्या तोंडी ‘यू हॅड बेटर लीव्ह नाऊ’ येतं. ‘बेटर’ म्हणजे बरं, मग बिघडलं कुठे? बिघडलं ते असं, की ऐकणाऱ्याला त्यात न उच्चारलेलं शेपूटही ऐकू येतं: नाहीतर बघ. आईने मुलाला असं म्हटलेलं चालतं. वरिष्ठांना ‘यू हॅड बेटर चेक द फिगर्स’ असा ईमेल गेला, तर सल्ल्याची तंबी होते.

मराठीत ‘औषध घ्यावं’, ‘घ्यायला हवं’, ‘घेतलं पाहिजे’ आणि ‘घेतलंच पाहिजे’ अशी चढण असते. एका ‘च’ने सल्ल्याचा हुकूम होतो. शिवाय ‘तू’ आणि ‘तुम्ही’ मदतीला असतात. इंग्रजीत ‘यू’ एकच, त्यामुळे बराचसा भार ‘मस्ट’, ‘शुड’, ‘माइट’ यांच्यावर पडतो. तो किती काटेकोरपणे तोलला जातो, हे ब्रिटनच्या ‘हायवे कोड’मध्ये दिसतं. १९३१पासून निघणाऱ्या या वाहतूक-पुस्तिकेत आज ‘मस्ट’ असलेला नियम मोडणं हा गुन्हा आहे. ‘शुड’ न पाळल्याबद्दल तेवढ्यावरून खटला होत नाही, पण अपघाताचं प्रकरण कोर्टात गेलं तर ते तुमच्याविरुद्ध मांडता येतं. इंटरनेटच्या मानकांसाठी १९९७ साली ठरलेल्या व्याख्येतही ‘मस्ट’ला पळवाट नाही, ‘शुड’ मात्र सबळ कारण असेल तर, परिणाम जोखून, बाजूला ठेवता येतं. आपण दोन्हींचं भाषांतर ‘पाहिजे’ असं करून मोकळे होतो!

कोणी म्हणेल, ‘आय हॅड बेटर गो’ म्हणणारा स्वतःला थोडाच धमकावतो? नाही, पण ‘नाहीतर उशीर होईल’ हे शेपूट तिथेही आहेच, फक्त ते स्वतःलाच लागू असल्याने टोचत नाही. सुरावर सगळं अवलंबून असतं, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. दात-ओठ खाऊन म्हटलेलं ‘गप्प बसलेलं बरं’ही धमकीच असते. पण ईमेलला सूर नसतो, तिथे शब्दच बोलतात. वरिष्ठांना ‘आकडे पुन्हा पाहिलेत तर बरं होईल’ असं सुचवायचं असेल तर इंग्रज लिहितो, ‘यू माइट वॉन्ट टू हॅव अनदर लुक ॲट द फिगर्स’. त्यात ‘बेटर’ कुठेच नाही.