किड्याच्या पोटात काय आहे?

पाऊस ओसरला की सोलापूरच्या माळावर पाऊल टाकाल तिथून नाकतोडे उडतात. नान्नजच्या अभयारण्यातला माळढोक, जो आता दिसला तर नशीबच म्हणायचं, याच नाकतोड्यांवर पोसला. तेव्हा घरी बियर्डेड ड्रॅगन पाळणाऱ्या एखाद्या पोराने "शेतात किडे मायंदाळ हायत की, विकत कशाला आणायचे?" असं विचारलं तर त्यात नवल नाही. हा दाढीवाला सरडा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या, तापलेल्या अंतर्भागातला. ऊन आपल्यासारखंच, माळ आपल्यासारखाच, मग किडेही चालतील, असा तो हिशेब. हिशेबात एक गोष्ट राहून जाते. सरडा किडा खातो तेव्हा त्या किड्याने काल काय खाल्लं तेही खातो.

‘माळावरचा किडा नैसर्गिक, म्हणून निर्धोक’

शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतात त्या रुईवर पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा एक देखणा नाकतोडा बसलेला असतो. रुईच्या चिकात हृदयावर घाला घालणारी विषद्रव्यं असतात. या नाकतोड्याला ती बाधत नाहीत. उलट तो ती अंगात साठवतो आणि डिवचलं की विषारी द्रव फवारतो. शंभर टक्के नैसर्गिक, आणि सरड्याला घालायला शंभर टक्के अयोग्य. त्याचे भडक रंग म्हणजे ‘मला खाऊ नका’ ही पाटीच आहे. आपण ती वाचत नाही, आणि काचेच्या पेटीत जन्मलेला सरडाही वाचत नाही.

काजव्याचं प्रकरण याहून गंभीर. काजवे खाऊन दाढीवाले सरडे मेल्याची नोंद अमेरिकेतल्या संशोधकांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केली. तिथल्या काजव्यांतलं विष भेकाच्या विषाच्या जातकुळीतलं. सरडा मान झटकतो, तोंड वासतो, काळवंडतो आणि थोड्याच वेळात संपतो. त्याला एक काजवाही पुरतो. भंडारदऱ्याला काजवे बघायला गेलात तर नुसते बघून या.

राहिला साधा हिरवा नाकतोडा. डाळिंब आणि द्राक्षाच्या बागांत फवारण्या किती होतात हे सोलापूरकराला सांगायला नको. फवारणीने अर्धमेला झालेला नाकतोडा उडत नाही, त्यामुळे तोच सगळ्यांत आधी हाती लागतो! घरातल्या झुरळांचंही तेच: कुठल्या जेलमधून किंवा विषारी खडूच्या कुठल्या रेघेवरून ते चालून आलं, कोण सांगणार? शिवाय रानातल्या किड्यांबरोबर जंतही येतात. आणि अभयारण्यातून कुठलाही वन्यजीव उचलणं कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे नान्नजचा विचार मनात आणू नका.

‘किडे पोटभर दिले की झालं’

पोट भरतं, हाडं भरत नाहीत. एक किलो रातकिड्यांत कॅल्शियम जेमतेम 400 मिलिग्रॅम आणि फॉस्फरस 3000 मिलिग्रॅमच्या आसपास. सरड्याला हवं ते नेमकं उलटं, म्हणजे फॉस्फरसच्या साधारण दुप्पट कॅल्शियम. मीलवर्म या अळीत तर कॅल्शियम किलोला 200 मिलिग्रॅमही भरत नाही. ही तूट सरडा स्वतःच्या हाडांतून भरून काढतो. जबडा रबरासारखा मऊ होतो, पाय थरथरतात, कणा वाकतो. पाळीव सरड्यांचा हा ठरलेला आजार आहे, आणि तो घरोघर पोटभर खाऊ घालूनही होतो.

किड्यांची निवडही म्हणूनच महत्त्वाची. बहुतेक दुकानांत सुपरवर्म अळ्या ठेवतात त्या मुळात अरवाना मासा पाळणाऱ्यांसाठी. त्यात चरबी सतरा-अठरा टक्के, रातकिड्यात सातच्या आसपास. सुपरवर्म म्हणजे फरसाण. कधीतरी ठीक, रोजचं जेवण नव्हे. ब्लॅक सोल्जर माशीच्या अळीत मात्र कॅल्शियम भरपूर, किलोला 9000 मिलिग्रॅमच्या घरात. रेशमाची अळीही उत्तम: मऊ आणि पाणीदार. सोलापूर जिल्ह्यात तुतीवर रेशीम करणारे शेतकरी आहेत, तेव्हा ती मिळणं अशक्य नाही. पण रोग पडलेल्या, बाजूला काढलेल्या अळ्या फुकट मिळतात म्हणून घेऊ नका, आणि जंतुनाशक पावडर धुरळलेल्याही नकोत.

पिल्लाच्या खाण्यात किडे जास्त, पाला कमी. वय वाढेल तसं पारडं फिरतं. पूर्ण वाढलेल्या सरड्याला रोज पालाभाजी आणि किडे आठवड्यातून दोन-तीनदाच. शेवग्याचा पाला, लाल भोपळा, जास्वंदीचं फूल चालतं. पालक आणि चुका टाळा. त्यांतलं ऑक्झलेट आलेलं कॅल्शियमही अडवून ठेवतं.

‘कॅल्शियमच ना? चुना लावा’

हे मी कानांनी ऐकलं आहे. आपल्याकडे चुना म्हणजे सर्व हाडांवरचा उपाय. पण विड्याचा चुना दाहक असतो, सरड्याचं तोंड आणि घसा पोळून निघेल. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मिळणारी कॅल्शियम कार्बोनेटची पावडर घ्या, किडे पिशवीत घालून हलवा, पांढरी झाक आली की पुरे. माणसांच्या गोळ्या कुटून घालू नका; त्यांतल्या ड जीवनसत्त्वाचं प्रमाण माणसाच्या वजनाला बेतलेलं असतं, आणि ते जास्त झालं तर विषच.

याचाच दुसरा भाग उन्हाचा. ‘सोलापुरात दिवा कशाला?’ असं विचारतात. कॅल्शियम अंगी लागायला अतिनील किरणांतला यूव्हीबी लागतो, आणि खिडकीची साधी काच तो जवळजवळ सगळा अडवते. काचेतून येते ती नुसती उष्णता. म्हणून पेटीत यूव्हीबी दिव्याची नळी लागतेच. शेकण्याच्या जागी 38 ते 42 अंश आणि दुसऱ्या टोकाला बराच गारवा हवा, कारण ऊब नसेल तर किडा पोटात पचत नाही, कुजतो. दिवे मालवण्याआधीच्या दोन तासांत किडे देऊ नयेत ते याचसाठी. आणि मे महिन्यात काचेची पेटी अंगणात ठेवू नका, तासाभरात सरडा भाजून निघेल.

‘अळी पोट कुरतडून बाहेर येते’

येत नाही. सरडा चावून गिळतो, उरलेलं काम जठरातलं आम्ल करतं. अळीचं डोकं ठेचून देण्याची गरज नाही. खरा धोका उलट दिशेचा: रात्री पेटीत राहिलेले रातकिडे झोपलेल्या सरड्याला कुरतडतात. दहा-पंधरा मिनिटांत खाल्ले नाहीत ते वेचून बाहेर काढा. मोठा किडा घशात किंवा आतड्यात अडकू शकतो, त्यामुळे सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा किडा द्यायचा नाही.

मीलवर्म फ्रिजमध्ये टिकतात, म्हणून सुपरवर्मही टिकतील असं समजून लोक डबा आत सारतात आणि सकाळी सगळे मेलेले सापडतात. सुपरवर्मना थंडी सोसत नाही. (दह्याच्या भांड्याशेजारी अळ्यांचा डबा बघून आई काय म्हणेल, हा वेगळा विषय.)

नवा किडा सुरू करताना एका वेळी एकच जात. पहिल्या दिवशी दोन-तीन नग, तेही सकाळी, सरडा शेकून ऊबदार झाल्यावर. मग तीन-चार दिवस फक्त विष्ठा बघा. पातळ, फार दुर्गंधीची किंवा न पचलेल्या किड्यांची असेल तर थांबा आणि ताजा नमुना पशुवैद्याकडे तपासायला द्या.

आणि किडे घरी आणलेल्या दिवशी आधी त्यांनाच जेवू घाला. निदान चोवीस तास गाजराचा तुकडा, शेवग्याचा पाला, ज्वारीचा भरडा. भरडा करण्याआधी घरात विचारून घ्या, ज्वारीला बोरिक पावडर चोळलेली आहे का. असेल तर ती किड्यांना नको, आणि ते किडे सरड्यालाही नकोत.