दुकान बघून गेले, पण घेतलं किती जणांनी?

तायांनो, आठवडी बाजारात आपण पाल टाकून बसतो तेव्हा समोरून किती जण गेले, कोण थांबलं, कोणी पुडा हातात घेऊन वास घेतला आणि पिशवी कोणी उघडली, हे सगळं डोळ्यांना दिसतं. मोबाईलवरच्या दुकानात यातलं काहीच दिसत नाही. तिथे फक्त एक आकडा असतो, एवढ्या जणांनी पाहिलं म्हणून. तो मोठा दिसला की आपण खूश होतो. आम्हीही झालो होतो.

आमच्या गटाने मे महिन्यात ६० किलो काळा मसाला केला. मिरची, धणे, खोबरं आणायला गटातूनच अंतर्गत कर्ज काढलं होतं. दिवाळी तोंडावर आली तरी ३५ किलो डब्यात पडून. खोबऱ्याचा मसाला, फार दिवस राहिला की खवट होणार, आणि इकडे हप्ता थांबत नाही. ऑनलाइन दुकान उघडून महिना झाला होता. ३४० जणांनी बघितलं होतं. ऑर्डरी आल्या होत्या ४.

हा हिशोब सोपा आहे. ऑर्डरींना बघणाऱ्यांच्या संख्येने भागायचं आणि १०० ने गुणायचं. ४ भागिले ३४०, म्हणजे शंभरात जेमतेम एक. आमची पहिली धाव गेली ती लिंक आणखी लोकांना पाठवण्याकडे. गावातल्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. बघणारे वाढले, ऑर्डर एक नाही वाढली. गावातल्या बाईच्या घरी स्वतःचा मसाला असतो, ती कशाला घेईल? ती कौतुकाने बघते आणि अंगठा दाखवते. घेणारी आहे पुण्या-मुंबईत राहणारी, जिला मसाला करायला वेळ नाही पण आईच्या हातची चव हवी आहे. लिंक तिच्यापर्यंत गेली पाहिजे.

मग आम्ही एका संध्याकाळी बसलो आणि गिऱ्हाईक बनून आपलंच दुकान उघडून बघितलं. हे तुम्हीही करा. त्याहून बरं म्हणजे शहरातल्या भाचीला किंवा पुतणीला सांगा, "आमच्या दुकानातून एक पुडा घेऊन दाखव," आणि शेजारी गप्प बसून बघा. मध्ये बोलायचं नाही. ती जिथे अडते तिथेच बाकीचे परत गेलेले असतात.

आमच्याकडे पहिली अडचण फोटोतच होती. रात्री फ्लॅश मारून काढलेला पुडा, मसाला काळा की तपकिरी ते कळेना. खाली लिहिलं होतं, "उत्तम दर्जाचा घरगुती मसाला". हे तर सगळेच लिहितात. बाजारात गिऱ्हाईक वास घेतं, चिमूटभर जिभेवर ठेवतं. इथे ते काम फोटोने आणि चार ओळींनी करायचं आहे. सकाळच्या उजेडात, दाराशी बसून, पांढऱ्या ताटलीत मसाला ओतून फोटो काढला. दुसरा फोटो त्याच मसाल्याच्या आमटीचा. तिसरा पुड्याच्या मागच्या बाजूचा, वजन, तारीख आणि अन्न परवान्याचा १४ आकडी नंबर वाचता येईल असा. अनोळखी माणूस खाण्याची वस्तू घेताना हा नंबर बघतो.

मजकूर कुठून आणला? फोनवर लोक जे विचारत होते त्यातूनच. २६ जणांनी चौकशी केली होती आणि प्रश्न सगळे तेच. तिखट किती? लसूण आहे का? किती दिवस टिकतो? किती दिवसांत मिळेल? यांची उत्तरं आम्ही दुकानातच लिहून टाकली. "मध्यम तिखट, चार माणसांच्या आमटीला एक चमचा पुरतो" हे वाचलं की गिऱ्हाइकाला पुढे विचारावं लागत नाही. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये अशी उत्तरं तयार करून ठेवता येतात, दुसऱ्या दिवशी उत्तर देण्याची वेळ येत नाही. उत्तर उशिरा गेलं तर तोवर तिने दुसरीकडून घेतलेलं असतं.

सगळ्यात मोठा खड्डा मात्र कुरिअरच्या पैशात होता. पावशेर मसाला १८० रुपये असं दिसायचं. नाव, पत्ता, पिनकोड भरून झाला की शेवटी ८० रुपये वर. १८० चं २६० झालं की माणूस चिडतं आणि निघून जातं. हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. डेन्मार्कची बेमार्ड नावाची संस्था याचा अभ्यास करते. तिच्या आकड्यांप्रमाणे ऑनलाइन दुकानात टोपलीत माल टाकलेल्या दर दहातले साधारण सात जण न घेताच जातात, आणि खरेदी करायला आलेल्यांचं परत जाण्याचं पहिलं कारण असतं शेवटी लागणारा वरचा खर्च. आपल्या देशात तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत किंमत आधी लपवून शेवटी वाढवायला मनाई केली आहे. "फक्त दोनच पुडे शिल्लक" अशी खोटी घाई करायलाही. घरात ३५ किलो पडलेला असताना असं लिहायला हातही धजत नाही म्हणा.

आम्ही काय केलं, तर किलोची किंमत घरपोच लावली. मसाला ७२० आणि आमच्या कुरिअरचे ११०, म्हणजे ८३० रुपये, वर काही नाही. पावशेराला २०७ च्या आसपास पडतात, सुटा पुडा मागवला तर २६०. हे गणित दुकानात लिहूनच टाकलं. बायका हिशोबाला पक्क्या, शेजारणींनी मिळून किलो मागवायला सुरुवात केली.

पैसे देतानाही एक गंमत होती. आम्ही क्यूआर कोडचा फोटो पाठवायचो. आता ज्या मोबाईलवर फोटो आलाय त्याच मोबाईलने तो स्कॅन कसा करणार? फोटोतून कोड उचलता येतो, पण ते सगळ्यांना माहीत नसतं. शेजारी यूपीआय आयडी लिहायला लागलो आणि अडचण संपली. आणि लक्षात ठेवा, पैसे घ्यायला आपल्याला पिन टाकावा लागत नाही. कोणी टाकायला सांगितला तर तो गिऱ्हाईक नाही, चोर आहे.

माल मिळाल्यावर पैसे, ही सोय द्यावी का, यावर गटात भांडण झालं. दिली की ऑर्डरी वाढतात हे खरं. पण पार्सल परत आलं तर जायचं-यायचं दोन्ही भाडं आपल्या अंगावर. माझं मत, निम्मे पैसे आधी घ्यावेत. ज्याला खरंच हवंय तो देतो.

एक काळजी घ्या. सगळं एकदम बदलू नका. फोटो, किंमत, मजकूर एकाच दिवशी बदलला तर कशाने फरक पडला ते कळत नाही. पंधरा दिवसांत एकच बदल. आणि बघणारे चाळीसच असतील तर एका जास्तीच्या ऑर्डरवर नाचू नका, तो योगायोगही असतो. आम्ही वहीत तीन रकाने आखले. बघितलं, विचारलं, घेतलं. बघणारे खूप आणि विचारणारे कमी असतील तर फोटो-मजकुरात खोट. विचारणारे खूप, घेणारे कमी, तर किंमत, कुरिअर किंवा उत्तराचा उशीर.

दोन महिन्यांनी वहीत एका महिन्याचे आकडे होते २९० आणि ११. बघणारे कमी झाले, घेणारे जवळजवळ तिप्पट. ३५ किलोतला ६ किलो तरीही उरला. तो आम्ही जत्रेत कमी भावाने काढला, पण कर्जाचा हप्ता चुकला नाही.

तुमच्या गटाचं दुकान असेल तर या महिन्यापासून हे तीन रकाने भरायला लागा आणि प्रभागसंघाच्या पुढच्या बैठकीला वही घेऊन या. एकमेकींच्या दुकानात गिऱ्हाईक बनून बघू.