शाळूच्या रानातली शंभर वर्षे

१९१७ साली पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. मान मूळचे रसायनशास्त्रज्ञ, आसामच्या चहामळ्यांत काम करून आलेले. या अभ्यासात मात्र त्यांनी कोणाकडे किती जमीन, तिचे किती तुकडे, कोणावर किती कर्ज हे सगळे घरोघर जाऊन नोंदले. १७७१ मध्ये त्या गावातली सरासरी धारणा ४० एकर होती. १९१५ पर्यंत ती ७ एकरांवर आली होती. १९२१ मध्ये दुसऱ्या गावाचा अभ्यास आला. ते गाव शिरूर तालुक्यातले जातेगाव बुद्रुक, पावसाच्या भरवशावर जगणारे. या वेळी मान यांचे सहलेखक होते एन. व्ही. कानिटकर.

महाराष्ट्रातल्या कोरडवाहू संशोधनाची मुळे मला या दोन पुस्तकांत दिसतात. गाव आधी पाहायचे आणि मग प्रयोगाचा प्रश्न ठरवायचा, ही शिस्त तिथे होती. गरीब देशाच्या विद्यापीठाकडून टिकाऊ विकासाची अपेक्षा करताना आपण ही शिस्त विसरतो.

१९२३ मध्ये पुण्याजवळ मांजरीच्या शेतावर व्ही. ए. ताम्हणे यांनी कोरडवाहू शेतीवरचे काम सुरू केले. १९२६ मध्ये ते काम कानिटकरांकडे आले. प्रश्न साधा दिसत असला तरी अवघड होता. अवर्षणप्रवण पट्ट्यात पाऊस दोन तोंडांचा पडतो. सुरुवातीला थोडा, मग लांब उघडीप, आणि खरा भरवशाचा पाऊस सप्टेंबरात. म्हणून इथला शेतकरी पावसाळाभर रान मोकळे ठेवतो आणि पाऊस सरताना शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, पेरतो. पुढचे चार महिने पीक जगते ते काळ्या मातीने धरून ठेवलेल्या ओलीवर. ती ओल कुठे जाते, किती खोल मुरते, भेगांवाटे किती उडून जाते, याचा हिशेब कोणी मांडला नव्हता. कानिटकरांनी तो मांडायला घेतला.

१९२८ च्या शाही कृषी आयोगाच्या अहवालानंतर देशपातळीवरची कृषी संशोधन परिषद उभी राहिली आणि १९३३ मध्ये सोलापूर व विजापूर इथे कोरडवाहू संशोधनाची केंद्रे निघाली. त्यातून जी पद्धत घडली तिला ‘मुंबई कोरडवाहू पद्धत’ असे नाव पडले. समपातळीवर बांध घालायचे, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरायचे, शेणखत द्यायचे, बी कमी वापरून पाभरीच्या ओळींतले अंतर वाढवायचे आणि कोळपण्या चुकवायच्या नाहीत. शेतकऱ्याच्या हाताबाहेरचे त्यात फारसे काही नव्हते. पण उत्पन्नात वाढ झाली ती जेमतेम १५ ते २० टक्के. एकरी उतारा मुळातच तुटपुंजा, त्यात एवढ्या वाढीसाठी बांधबंदिस्तीचा खर्च आणि राबणूक कोण करणार? बी जुनेच राहिले आणि वरखत जवळपास नव्हतेच. कानिटकरांचे ‘ड्राय फार्मिंग इन इंडिया’ १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याला आज कोणी विचारत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

बियाण्याचे काम मोहोळला झाले. गावरान मालदांडी ज्वारीतून १९३० च्या दशकात ‘एम ३५-१’ हा वाण निवडला गेला. पांढराशुभ्र टपोरा दाणा, गोड भाकरी आणि गुरे आवडीने खातात असा कडबा. हा वाण अजून पेरला जातो आणि सरकार हमीभाव जाहीर करताना आजही मालदांडीचा भाव वेगळा देते. १९६४ मध्ये ‘सीएसएच-१’ हा संकरित वाण आला. खरिपात त्याने उतारा वाढवला, पण काढणीच्या वेळच्या पावसात दाण्यावर बुरशी चढे, आणि कडब्यालाही गावरानाची सर नव्हती. ज्वारीत धान्याइतकीच वैरण मोलाची असते. दुष्काळी वर्षात कडब्याची गंजी हीच घरची ठेव. नुसते दाण्याचे क्विंटल मोजणाऱ्या संशोधनाला हे उशिरा कळले.

१९६८ ते १९७२ या काळात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे झाली. शिक्षण, संशोधन आणि विस्तार एकाच छपराखाली, ही त्यामागची कल्पना अमेरिकेतून आलेली. इथे विस्ताराचा बराचसा भार सरकारी खात्याकडेच राहिला. १९७० मध्ये कोरडवाहू शेतीचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला आणि सोलापूर त्याचे एक केंद्र बनले. पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ आला. लोक खडी फोडत असताना या केंद्रापुढचा प्रश्न पुस्तकी राहणे शक्यच नव्हते.

पुढच्या काळात सोलापूर-राहुरीच्या शास्त्रज्ञांनी जे बसवले ते बारीकसारीक आणि चिवट आहे. शाळूची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या महिन्यात आटपायची. पावसाळ्यातच रानात बंदिस्त वाफे करून पाणी जागेवर जिरवायचे. दोन चाड्यांच्या पाभरीने बी आणि खत एकाच वेळी पेरायचे, म्हणजे खत ओलीत पडते. शेवटची कोळपणी दातेरी कोळप्याने करायची, म्हणजे भेगा बुजतात. राहुरी विद्यापीठाच्या ‘कृषिदर्शनी’त हे दरवर्षी छापून येते.

मला सगळ्यात मोलाचे वाटते ते वाणांचे काम. जमिनीची खोली पाहून वाण निवडा, असे राहुरीने सांगितले. हलक्या रानाला फुले अनुराधा किंवा फुले माउली, मध्यम जमिनीला फुले सुचित्रा, भारी जमिनीला फुले वसुधा. हलक्या मातीत ओल कमी, म्हणून वाण लवकर पक्व होणारा हवा. भारी मातीत ओल पुरते, तिथे जास्त दिवसांचा वाण उतारा देतो. मांजरीत सुरू झालेला ओलीचा हिशेब बियाण्यापर्यंत यायला अनेक दशके लागली. तीन वर्षांच्या प्रकल्पात असे काम होत नाही.

आणि तरीही शाळूचे क्षेत्र घटत गेले. याचे कारण त्याच विद्यापीठाच्या दुसऱ्या केंद्राशीही जोडलेले आहे. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने १९९६ मध्ये ‘को ८६०३२’ प्रसारित केला, २००७ मध्ये ‘फुले २६५’. दोन्ही वाण उत्तम, आणि ते काढणाऱ्यांची मेहनत खरी. पण ऊस पिकवणाऱ्याला कायद्याने बांधलेला दर आहे आणि दाराशी कारखाना. शाळूला जाहीर हमीभाव आहे, खरेदीदार मात्र क्वचितच. उजनी धरणाचे पाणी आले तसा अवर्षणप्रवण सोलापूर जिल्हा राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत गेला. एका जिल्ह्याच्या पाण्यात कोणते पीक किती बसते, हे विद्यापीठाने लेखी आणि ठणकावून सांगायला हवे होते. वाण काढणे आपले आणि पाण्याची वाटणी सरकारची, अशी विभागणी करून मोकळे होता येत नाही. मान-कानिटकरांनी गावाचे कर्जही मोजले होते.

पुढचे काम ठरलेलेच आहे. शाळू अजून हाताने उपटून काढावा लागतो. मजूर मिळेनात म्हणून अनेकांनी हरभऱ्याकडे मोर्चा वळवला. कडबा न नासवता काढणी करणारे, दोन-तीन एकरवाल्याला परवडणारे यंत्र हवे, आणि त्याला साजेसा न लोळणारा वाण. सोलापूर केंद्राच्या पाऊस आणि ओलीच्या जुन्या नोंदी शेतकरी गटांच्या हाती सहज मिळायला हव्यात. आणि कृषी विद्यापीठांतल्या शास्त्रज्ञांच्या रिक्त जागा आधी भरायला हव्यात.