संशोधन आपल्या पैशाचं, मग कुलूप कुणाचं?

कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीवर नवं काय संशोधन झालंय, हे मोबाईलवर शोधून बघा. शास्त्रज्ञांचे ढीगभर लेख सापडतात. पण त्यातले बरेच उघडायला गेलं की वरचा थोडा मजकूर दिसतो आणि खाली पैसे मागितले जातात. एका लेखाला साधारण ३० ते ४० डॉलर, म्हणजे अडीच ते साडेतीन हजार रुपये. तेवढ्यात डीएपीच्या दोन गोण्या येतात.

हे कुलूप लागतं कसं?

शास्त्रज्ञाचा पगार आणि प्रयोगाचा खर्च बहुतेक वेळा सरकार करतं, म्हणजे आपला कर. शास्त्रज्ञ लेख लिहून संशोधन पत्रिकेकडे पाठवतो. लेख बरोबर आहे का, हे दुसरे शास्त्रज्ञ तपासतात, तेही बहुधा फुकट. पण मोठ्या पत्रिका खाजगी कंपन्यांच्या मालकीच्या असतात. तोच लेख वाचायला विद्यापीठाला पुन्हा वर्गणी भरावी लागते. दूध आपलं, डेअरीही आपल्याच पैशातून उभी, आणि चहापुरतं दूध पाहिजे तर कंपनीकडून विकत घ्या, असा हा प्रकार.

ओपन ॲक्सेस म्हणजे काय?

संशोधन कुणालाही, कुठूनही, फुकट वाचता यावं, याला ओपन ॲक्सेस म्हणतात. २००२ साली बुडापेस्टच्या जाहीरनाम्यातून ही मागणी जगापुढे ठळकपणे आली. २०१८ मध्ये युरोपातल्या संशोधनाला पैसा देणाऱ्या संस्थांनी ठरवलं की, आमच्या पैशावर झालेलं काम खुलंच छापायचं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पैशावरचे लेख आधी वर्षभर कुलपात राहू शकत होते. १ जुलै २०२५ पासून ती सवलत बंद झाली. आता लेख छापून आला की लगेच खुला करावा लागतो.

पण इथंही एक मेख आहे. वाचणाऱ्याला फुकट दिलं की बऱ्याच कंपन्या लिहिणाऱ्याकडून पैसे घेतात. 'नेचर' या नामांकित पत्रिकेने एक लेख खुला छापण्याचा दर २०२० मध्ये ९,५०० युरो जाहीर केला होता, म्हणजे आठ लाखांच्या वर. आपल्याकडच्या साध्या संशोधकाला हे कुठून परवडणार?

भारतात काय झालं?

भारतीय कृषी संशोधन परिषदेने २०१३ मध्येच आपलं संशोधन खुलं करण्याचं धोरण आणलं. पुढं नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० परदेशी प्रकाशक आणि सुमारे १३,००० पत्रिका. सरकारी विद्यापीठं, महाविद्यालयं आणि संशोधन संस्था मिळून ६,३०० च्या वर संस्थांना याचा लाभ आहे.

सरकारी महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या पोरापोरींसाठी हे मोठं काम झालं. पण याला ओपन ॲक्सेस म्हणता येणार नाही. सरकारने कुलूप काढलेलं नाही, किल्ल्या विकत घेऊन संस्थांना वाटल्यात. शेतकऱ्याच्या हातात किल्ली नाही. आपल्या भागातली बरीच कृषी महाविद्यालयं खाजगी आहेत, त्यांचाही नंबर पहिल्या टप्प्यात लागलेला नाही.

आपल्याला आज काय उघडतं?

- कृषिकोश : राहुरी, अकोला, परभणी, दापोलीसह देशभरातल्या कृषी विद्यापीठांचे प्रबंध इथं आहेत. बरेच पूर्ण वाचता येतात.
- शोधगंगा : देशभरातल्या विद्यापीठांचे पीएचडीचे लाखो प्रबंध. मराठीतलेही आहेत.
- कृषी संशोधन परिषदेच्या पत्रिका : त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात.

शोधताना पिकाचं किंवा किडीचं इंग्रजी नाव टाका. सगळा प्रबंध वाचायची गरज नाही. शेवटचं सारांश आणि निष्कर्षाचं प्रकरण आधी बघा. इंग्रजी अडलं तर कृषी महाविद्यालयात शिकणाऱ्या गावातल्या पोराला सोबत बसवा.

दोन गोष्टी सांभाळा

एक, फुकट आहे म्हणजे खरंच आहे असं नाही. पैसे घेऊन, काहीही न तपासता छापणाऱ्या बोगस पत्रिकाही भरपूर आहेत. एखादं औषध विकणारा 'संशोधनात सिद्ध' म्हणून कागद दाखवत असेल, तर तो लेख कुठल्या पत्रिकेत आला आणि प्रयोग कुणी केला, हे विचारा.

दोन, प्रयोग कुठल्या जमिनीत, किती पावसावर झाला ते बघा. काळ्या रानातला निष्कर्ष मुरमाड रानात तसाच लागू पडत नाही. खर्च करण्याआधी कृषी विज्ञान केंद्रात एकदा दाखवून घ्या.

कुलूप हळूहळू निघतंय, पण आतलं बहुतेक सगळं इंग्रजीत आहे. प्रत्येक प्रबंधासोबत दोन पानांचा मराठी सारांश टाकायला विद्यापीठाला फार खर्च येणार नाही. पुढच्या शेतकरी मेळाव्यात शास्त्रज्ञ भेटले की बियाण्याबरोबर हेही मागा.