मानेतल्या गाठी आणि कॉम्प्युटरची चिठ्ठी

"म्हणजे बाबांवर प्रयोग करून राहिले का?"

कॅन्सरच्या क्लिनिकल ट्रायलचा विषय निघाला की आमच्या सावनेरात हा प्रश्न हमखास येतो. मी पीएच.डी. करते, तेही कॅन्सरवर, एवढं कळलं की लोक रिपोर्टची फाईल घेऊनच बसतात. माझं काम प्रयोगशाळेतल्या पेशींवर चालतं आणि मी डॉक्टर नाही, हे सांगूनही फाईल उघडतेच. मग एक दिवस डॉक्टरांनी "ट्रायलमध्ये यायचं का?" असं विचारल्याचं कळतं, आणि घरातले सगळे घाबरलेले असतात. एकाला वाटतं, आपल्या माणसाचा उंदीर करणार. दुसऱ्याला वाटतं, कुठलं तरी जादूचं औषध फुकटात मिळणार. दोन्ही समजुती सारख्याच घातक आहेत.

म्हणून आज एक खरी ट्रायल सविस्तर बघू. ती आपल्या महाराष्ट्रात झाली, आणि ज्या आजाराची झाली तो आजार विदर्भात घरोघरी माहीत आहे. तोंडाचा कॅन्सर. दर चौकात पानठेला आणि दर पानठेल्यावर खर्रा घोटणं चालू, अशा गावात त्याची ओळख वेगळी करून द्यायला नको.

तोंडाचा कॅन्सर पसरायला लागला की बहुतेक वेळा आधी मानेतल्या लसिका ग्रंथींमध्ये जातो. ग्रंथी म्हणजे घसा खराब झाला की जबड्याखाली हाताला लागतात ना, त्याच गाठी. आता समजा, एखाद्याच्या जिभेवर लहानशी कॅन्सरची जखम आहे आणि मान चाचपून पाहिली तर गाठ काहीच नाही. जिभेवरची जखम तर काढायचीच, त्यात वाद नाही. पण त्याच ऑपरेशनमध्ये मान उघडून ग्रंथीही काढून टाकायच्या का? की सध्या मानेला हात लावायचा नाही, पेशंटला नियमित तपासायला बोलवायचं, आणि पुढे गाठ आलीच तर तेव्हा ऑपरेशन करायचं?

हा वाद सर्जन मंडळींमध्ये कित्येक दशकं चालू होता, आणि दोन्ही बाजूंकडे दम होता. अशा पेशंटपैकी बहुतेकांच्या ग्रंथींमध्ये कॅन्सर गेलेलाच नसतो. मग त्या सगळ्यांची मान कशाला कापायची? त्या ऑपरेशननंतर खांदा दुखतो, हात वर उचलायला त्रास होतो, मानेवर व्रण राहतो. शेतात किंवा खाणीत काम करणाऱ्यासाठी खांदा ही काही छोटी गोष्ट नाही. दुसरी बाजू म्हणायची, हाताला लागत नाही याचा अर्थ आत काहीच नाही असा होत नाही, आणि गाठ दिसेपर्यंत थांबलो तर उशीर होईल.

आता तुम्ही म्हणाल, यात काय अवघड आहे? हॉस्पिटलकडे जुन्या फायली असतात. मान कापलेले किती जगले, न कापलेले किती जगले, मोजा की. इथेच गोम आहे. जुन्या फायलींमध्ये कोणाची मान कापायची हे सर्जनने ठरवलेलं असतं, आणि तो काही डोळे मिटून ठरवत नाही. ज्याची जखम मोठी, खोल, ज्याच्याबद्दल मनात शंका, त्याची मान तो कापतो. ज्याचं सौम्य वाटतं त्याला सोडतो. म्हणजे मान कापलेल्यांमध्ये मुळातच जास्त आजारी माणसं गोळा होतात. मग त्यांच्यात मृत्यू जास्त दिसले तर दोष ऑपरेशनचा की आजाराचा? फायली कितीही चाळा, हे वेगळं करता येत नाही. उलटंही होतं. अशक्त, हृदयाचा त्रास असलेल्या म्हाताऱ्या माणसाला मोठं ऑपरेशन झेपणार नाही म्हणून सोडलेलं असतं. तो हृदयविकाराने गेला तरी आकडा "मान न कापलेल्यांच्या" खात्यात जमा.

यातून सुटायचा एकच भरवशाचा मार्ग आहे. कोणाला कोणता उपचार मिळणार हे ठरवण्याचं काम माणसाच्या हातून काढून घ्यायचं आणि चिठ्ठी टाकायची. यालाच रँडमायझेशन म्हणतात. चिठ्ठी कॉम्प्युटर काढतो आणि पुढची चिठ्ठी कोणती हे डॉक्टरलाही माहीत नसतं. त्यामुळे म्हातारे, तरुण, मोठी जखमवाले, लहान जखमवाले, खर्रा सोडलेले, न सोडलेले, सगळे दोन्ही गटांत साधारण सारखे वाटले जातात. आपल्याला ठाऊक नसलेल्या गोष्टीसुद्धा. मला स्वतःला रँडमायझेशनची ही बाजू सगळ्यात आवडते. ज्या गोष्टीचं नावही आपल्याला माहीत नाही, तिचाही ती बंदोबस्त करते.

मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच केलं. २००४ मध्ये भरती सुरू झाली. एका गटाची मान जिभेच्या किंवा तोंडाच्या ऑपरेशनबरोबरच उघडायची, दुसऱ्या गटाची गाठ आली तरच. ७१० पेशंट घ्यायचं ठरलं होतं. एवढे कशाला, वीस-वीस पुरे नाहीत का? नाहीत. नाणं दहा वेळा उडवलं तर सात वेळा छापा सहज येतो, त्यावरून नाणं खोटं म्हणता येत नाही. वीसपैकी सोळा जगले आणि वीसपैकी चौदा जगले, हा फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो. तोच फरक शेकड्यांमध्ये टिकून राहिला तर मात्र ऐकावं लागतं. या प्रश्नावर आधी झालेल्या ट्रायल छोट्याच होत्या आणि त्यांची उत्तरं एकमेकांशी जुळत नव्हती.

२०१४ पर्यंत ५९६ जण भरती झाले. दहा वर्षं! या काळात निकाल कोण बघत होतं? उपचार करणारे डॉक्टर नाहीत. त्यासाठी सुरक्षेवर नजर ठेवणारी एक वेगळी समिती असते. ती मधून मधून आकडे उघडून बघते. एका गटाचं स्पष्ट नुकसान होत असेल तर ट्रायल थांबवायची शिफारस करणं, हेच तिचं काम. इथे तसंच झालं. समितीने ५०० पेशंटचे आकडे पाहिले आणि ७१० पूर्ण व्हायची वाट न बघता निकाल बाहेर आला. तीन वर्षांनंतर, मान आधीच कापलेल्या गटातले ८० टक्के लोक जिवंत होते. थांबून बघितलेल्या गटातले ६७.५ टक्के. कॅन्सर परत न येता जगलेले पहिल्या गटात ६९.५ टक्के, दुसऱ्यात ४५.९ टक्के.

टक्के डोळ्यांवरून घरंगळून जातात, म्हणून भागाकार करून बघा. फरक साडेबारा टक्क्यांचा. म्हणजे दर आठ जणांची मान आधीच कापली तर तीन वर्षांत एक मृत्यू टळतो. फुकट काहीच नाही. ऑपरेशनशी संबंधित त्रास पहिल्या गटात ६.६ टक्क्यांना झाला, दुसऱ्या गटात ३.६ टक्क्यांना. पण आठामागे एक जीव म्हटल्यावर तराजू कुठे झुकतो हे सांगायला नको. हा निबंध २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला आणि जगभरच्या सर्जनांनी दखल घेतली. यात नवीन औषध नव्हतं, नवीन मशीन नव्हतं. आधीपासून चालत आलेल्या दोन पद्धतींपैकी चांगली कोणती, एवढाच प्रश्न होता. कुठल्याही कंपनीला या उत्तरातून एक पैसा मिळणार नव्हता. खर्च टाटा मेमोरियल सेंटरने केला.

आता तो अडचणीचा प्रश्न. जे दुसऱ्या गटात गेले, त्यांचं काय? त्यांच्यावर अन्याय झाला का?

निकाल हातात ठेवून आज बघितलं तर तसं वाटतंच. पण २००४ मध्ये उत्तर कोणाकडेच नव्हतं. ट्रायल झाली नसती तरी या पेशंटपैकी कित्येकांची मान डॉक्टरांनी सोडलीच असती, फक्त कोणी मोजलं नसतं. चिठ्ठी टाकणं योग्य ठरतं ते जाणकारांना खरोखरच माहीत नसतं तेव्हाच. एक उपचार चांगला आहे हे आधीच सिद्ध झालेलं असेल, तर दुसऱ्या गटाला त्याच्यापासून दूर ठेवता येत नाही. म्हणूनच "कंट्रोल ग्रुपला साखरेची गोळी देतात" ही भीती कॅन्सरच्या बाबतीत बहुतेक वेळा चुकीची असते. चालू असलेला चांगला उपचार दोन्ही गटांना मिळतो, नवीन गोष्ट वरून एका गटाला.

बहुतेक वेळा म्हणते, कारण सगळ्या ट्रायल इतक्या सरळ नसतात. उस्मानाबाद जिल्ह्यातली, म्हणजे आताच्या धाराशिवची, ट्रायल बघा. १९९९ मध्ये बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून सुरू केलेली. ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ निरोगी बायका. इथे चिठ्ठी एकेका बाईची टाकली नाही, गावांच्या ५२ गटांची टाकली. काही गटांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी एचपीव्ही विषाणूची तपासणी, काहींत पॅप स्मिअर, काहींत व्हिनेगर म्हणजे ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी तपासणी, आणि चौथ्या प्रकारच्या गटांत तपासणी नाही. माहिती आणि नेहमीची आरोग्यसेवा. २००९ मध्ये निकाल आला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४,१२६ बायकांमध्ये या कॅन्सरने ३४ मृत्यू, तपासणी न झालेल्या गटात ३१,४८८ मध्ये ६४. जवळजवळ निम्मे.

जगाला उपयोगी पडलेली ही माहिती आहे. तरीही चौथ्या गटावर आक्षेप घेतले गेले, आणि ते पोकळ नव्हते. पॅप स्मिअरचा उपयोग श्रीमंत देशांत आधीच दिसलेला होता. "भारताच्या खेड्यात तशी सोय एरवीही नव्हती" हे उत्तर खरं आहे, पण पुरेसं आहे का? मला विचाराल तर ट्रायल व्हायला हवी होती, पण तिथे सोय नसणं हे चौथ्या गटाचं पूर्ण समर्थन होऊ शकत नाही. माझ्या लॅबमधले दोघे याच्याशी सहमत नाहीत, आणि आमचा चहा यावर बऱ्याचदा थंड झालाय.

पुन्हा तोंडाच्या कॅन्सरकडे येऊ, कारण एक ताजं उदाहरण राहिलं. निव्होल्युमॅब नावाचं इम्युनोथेरपीचं औषध आहे. शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारं, आणि सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर महाग. नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. टाटा मेमोरियलच्याच डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाष यांच्या गटाने दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम देऊन बघितलं. सहा आठवड्यांचा हिशोब केला तर अठरावा हिस्सा! पुढे गेलेल्या डोक्या-मानेच्या कॅन्सरचे १५१ पेशंट, सगळ्यांना कमी डोसची तोंडाने घ्यायची औषधं, अर्ध्यांना वरून हे छोटं इंजेक्शन. एका वर्षाने पहिल्या गटात १६.३ टक्के जिवंत, इंजेक्शनवाल्या गटात ४३.४ टक्के.

आकडा बघून आनंद होतो, पण दोन गोष्टी नीट वाचा. एक, वर्षभरात इंजेक्शनवाल्या गटातलेही निम्म्याहून जास्त गेलेच. हा बरा करणारा उपचार नव्हता, वेळ वाढवणारा होता. दुसरं, या ट्रायलने छोटा डोस आणि काहीच नाही यांची तुलना केली. छोटा डोस मोठ्या डोसइतकाच चांगला का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याला वेगळी ट्रायल लागते. व्हॉट्सॲपवर फिरणारे "टाटाने शोधलं, महाग डोसची गरजच नाही" छापाचे मेसेज इथेच घसरतात.

हे सगळे तिसऱ्या टप्प्याचे प्रकार झाले. पहिल्या टप्प्याची ट्रायल एकदम वेगळी असते. तिथे औषध माणसात नवीन असतं, मोजके पेशंट असतात, आणि मुख्य प्रश्न "किती डोस सहन होतो?" हा असतो. आपल्याला फायदा होईलच असं धरून तिथे जाऊ नये. दुसऱ्या टप्प्यात कॅन्सरवर काही परिणाम होतो का ते बघतात. त्यामुळे डॉक्टरांनी ट्रायलचं नाव काढलं की पहिला प्रश्न "कितव्या टप्प्याची?" हाच विचारा. दुसरा प्रश्न, "यात नाही आलो तर मला काय उपचार मिळणार?" नाही म्हटलं तरी नेहमीचा उपचार चालू राहायला पाहिजे, आणि हो म्हणून सही केल्यावरही कधीही बाहेर पडता येतं, कारण न देता.

सहीचा कागद तुम्हाला समजेल त्या भाषेत असावा लागतो. घरी नेऊन वाचायला मागा. २०१९ च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियमांप्रमाणे ट्रायलला आचारसमितीची मंजुरी लागते. त्या समितीत निदान सात जण हवेत, त्यात एक स्त्री, एक कायदा जाणणारा आणि एक सामान्य नागरिक. निम्मे सदस्य त्या हॉस्पिटलच्या बाहेरचे. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचाराचा खर्च आणि भरपाईची तरतूदही त्याच नियमांत आहे.

कागदावर जे नीट लिहिलेलं नसतं ते तोंडी विचारा: किती वेळा यावं लागेल आणि जाण्या-येण्याचे पैसे कोण देणार. सावनेरहून नागपूर एका सकाळचं काम आहे, मुंबई म्हणजे रात्रभराची गाडी आणि सोबत एका माणसाची बुडालेली मजुरी. चांगल्या ट्रायलमधून लोक मध्येच गळतात ते बरेचदा याच कारणाने, आणि गळालेल्यांमुळे निकालही अधू होतो.

भारतातली प्रत्येक ट्रायल सुरू होण्याआधी सीटीआरआय नावाच्या सरकारी नोंदवहीत नोंदवावी लागते. ही नोंदवही २००७ पासून आहे, आणि ती इंटरनेटवर कोणालाही फुकट बघता येते. कोणत्या हॉस्पिटलमध्ये, कोणत्या आजारासाठी, कोणते पेशंट घेणार, खर्च कोण करतंय, सगळं त्यात असतं. नोंदणी क्रमांक याच चार अक्षरांनी सुरू होतो. तो मागून घ्या, घरातल्या कॉलेजच्या पोराला मोबाईलवर शोधायला सांगा, आणि सापडला नाही तर सही करू नका.