ताकोयाकी बिघडतेय? आधी पाणी बघा!

ओसाकाची ताकोयाकी दिसते आपल्या आप्प्यांसारखी, आत ऑक्टोपसचा तुकडा. पण पीठ एकदम पातळ, मैद्याच्या तिप्पट-चौपट पाणी. म्हणजे गिऱ्हाइकाला तुम्ही मुख्यतः पाणीच विकताय! तेही नुसतं नाही, ‘दाशी’. कोम्बू हे समुद्री शेवाळ आणि सुकवलेला बोनितो मासा यांचा तो अर्क.

जपानचं पाणी बहुतेक ठिकाणी हलकं, त्यात कोम्बूची चव छान उतरते. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम ती नीट उतरू देत नाही. कोम्बू काही स्वस्त मिळत नाही हो! मग लोक सोया सॉस वाढवतात. खारटपणा वाढतो, चव नाही. शिवाय जड पाण्यात मैद्याचं ग्लुटेन घट्ट होतं, आतून लुसलुशीत हवा तो गोळा चिवट लागतो. (टेम्पुराला बर्फाचं पाणी घेतात तेही ग्लुटेन कमी बनावं म्हणूनच.)

टीडीएस मीटर सगळे क्षार एकत्र दाखवतो, जडपणा वेगळा सांगत नाही. साबणाला फेस येत नसेल तर पाणी जड समजा. उकळून क्लोरीनचा वास जाईल, जडपणा पूर्ण जाणार नाही. नळाच्या आणि आरओच्या पाण्यात दाशी करून शेजारी-शेजारी चाखा, मगच स्टॉलचा खर्च मांडा.