चाकाखालची जमीन

मालमोटारीचे टायर विकत घेतो मालक. चिखलात रुततो चालक. म्हणून टायरची निवड चालकाला विचारूनच व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे. औशाहून तुळजापूरकडे जाणारी सडक पक्की. उसासाठी शिवारात वळले की काळी माती. परतीच्या पावसाने भिजलेली ही माती बारीक नक्षीत गच्च बसते आणि नवा टायरही गुळगुळीत होऊन घसरतो. रुंद खाचांतून मात्र ती चाक फिरताना निखळते. याकरिता ओढणाऱ्या मागील चाकांना जाड आडव्या गट्ट्यांचा टायर घ्यावा. पुढे सरळ पट्ट्यांचा, कारण गाडीला दिशा देतात ती पुढची चाके. गट्टे फार उंच असले तर डांबरावर तापतात, लवकर झिजतात. खाच १.६ मिलिमीटरहून कमी उरली की टायर कायद्यानेच बाद. पण आमच्या चिखलात तो त्याच्या कितीतरी आधी निकामी होतो, हे हिशेबाच्या वहीत कोणी लिहीत नाही.